अर्नाळ्याच्या वाटेवरचा तांडेल

भरल्या वाऱ्यात शीड उतरवणारा तांडेल मी आयुष्यात एकच पाहिला. साठ सालानंतरची ती चार-पाच वर्षं. चिंचणीहून मुंबईला गवताचे गठ्ठे नेणाऱ्या पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, मी व्यापाऱ्याचा कारकून म्हणून जायचो. पडावाचं सुकाणू धरणारा हा तांडेल पन्नाशीचा, काळा, किडकिडीत. बोलणं इतकं कमी, की त्याच्या शब्दांवर जकात बसते की काय असं वाटावं.

अर्नाळ्याचा किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये समुद्राची चिंचोळी वाट आहे. एके काळी किल्ल्यावरच्या तोफांनी तिथे गलबतं अडवली असतील; आमच्या वेळी कोळ्यांची जाळी अडवायची. वर पडाव, मचवे आणि होड्यांची ही गर्दी, आणि खाली खुंटांना बांधलेली जाळी. एखादं आमच्या सुकाणूत अडकून फाटलं, की तांडेल शीड उतरवायचा, नांगर टाकायचा आणि बांबूची सुई काढून जाळं विणायला बसायचा. भरती निघून जायची. मी नुसता चडफडायचो.

"भाऊ, दर्यात वाट कुनाचीच नसते. जाळं कुनाचं तरी असतं," एवढं बोलून तो पुढची गाठ मारायचा. त्याच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण समोर आलं, की माझाही राग उतरायचा.

एका वैशाखात मुंबईहून परतताना वसईसमोर चिंचणीचीच एक होडी भेटली. होडीतला माणूस ओरडला, "तांडेल, काकीचं काय खरं नाय! लवकर घर गाठा!" काकी म्हणजे तांडेलाची बायको. महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलेली. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. वारा पाठीवर होता. उतरून विरारची गाडी धरण्यापेक्षा वाराच आधी पोचवेल, असं तो म्हणाला आणि त्याने शीड ताणलं.

किल्ल्याजवळ सुकाणूला हिसका बसला. जाळं! त्याचा हात सवयीने शिडाच्या दोरीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. आजवर त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं.

"कापा, तांडेल. कोणी बघितलेलं नाही," मी म्हणालो.

त्याने कोयत्याने जाळं कापलं. पडाव सुटला.

दुपार कलताना चिंचणीला पोचलो. काकी शुद्धीवर होती. तिचं माहेर अर्नाळ्याचं. दर खेपेनंतर विचारायची, तेच तिने पुटपुटत विचारलं, "आमच्या गावात कुनाचं जाळं नाय ना तोडलं?"

"नाय," तांडेल म्हणाला.

दिवेलागणीला ती गेली. निदान शेवटची भेट तरी झाली, असं मी त्याला सांगत राहिलो. खरं तर मी स्वतःचीच समजूत घालत होतो.

बारावं झालं आणि तो मला बरोबर घेऊन अर्नाळ्याला गेला. घरोघर विचारत जाळ्याची मालकीण सापडली. एक म्हातारी विधवा होती. तिच्या अंगणात बसून त्याने जाळं कापल्याचं सांगितलं आणि सुई काढली.

"आमाला वाटलं, मोठा मासा घुसला," म्हातारी म्हणाली. "कोनी इचारलं व्हतं तुला? गप ऱ्हायचंस."

"माज्या बायकोनं इचारलं व्हतं, बाय. मरताना. आन् मी तिला नाय म्हनलो."

एवढं बोलून तो त्या फाटक्या जाळ्यात तोंड लपवून रडला. जन्मभर खारं पाणी अंगावर घेतलेला माणूस असा रडताना मला बघवेना.

मी शेजारीच उभा होतो. 'कापा' म्हणणारा मी होतो, हे त्याने म्हातारीला सांगितलं नाही. त्यानंतर त्याने सुकाणू धरलं नाही, आणि दोन वर्षांत तोही गेला. तोवर त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. मीही नाही.