पाळणाघरात डोळे आले तेव्हा

सोमवारी सकाळी सव्वाआठला वैशाली दारात उभी होती. कडेवर अडीच वर्षांचा रुद्र, खांद्याला पर्स, नजर घड्याळाकडे. एरवी हा पोरगा दारातूनच माझ्या अंगावर झेप घेतो. त्या दिवशी त्याने तोंड आईच्या मानेत खुपसलं होतं.

"तोंड दाखव रे," मी म्हटलं.

"झोपेत आहे काकू," वैशाली घाईने म्हणाली.

"झोपेतलं लेकरू पाय हलवत नाही. दाखव."

डावा डोळा पूर्ण चिकटलेला. पापणी सुजलेली, कडेला पिवळी चिपडं. उजवा लाल.

"कचरा गेला असन."

"दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी?"

वैशालीने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

पवनीत माझ्या घराच्या समोरच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षांपासून पाळणाघर चालवते. नऊ मुलं. सगळ्यांत लहान दहा महिन्यांचं, सगळ्यांत मोठा चार वर्षांचा. मदतीला शेवंता, दोन वर्षांपासून. दारावर नियमांचा कागद लावला आहे: ताप, उलटी, जुलाब, अंगावर पुरळ किंवा डोळे आलेले असतील, तर लेकरू घरी ठेवावं. पालक हा कागद पहिल्या दिवशी वाचतात. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांना दिसत नाही.

वैशालीला मात्र तो दिसत होता. म्हणूनच ती खोटं बोलली. लाखांदूरच्या एका पतसंस्थेत ती तीन महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागली होती. साडेआठची एसटी पकडली तरच वेळेवर पोचते. नवरा पुण्याला कंपनीत.

"सासूबाईंकडे ठेवता येईल का?" मी विचारलं.

"आसगावले रोवणी सुरू आहे काकू. सारं घर बांधीत उभं आहे. लेकराले कोण पाह्यन? आन साहेब आत्ताच म्हणून राहिले, लेकरू सांभाळाचं असन तं घरीच बसा."

भर रोवणीत, भातलावणीच्या घाईत, धानाच्या बांधीतून एक माणूस काढणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी नियम अर्धा मोडला. रुद्रला दिवसभर मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. पाणी उकळून गार केलं, कापसाच्या बोळ्याने डोळे पुसले. नाकाकडून कानाकडे, एक बोळा एकदाच, लगेच कचऱ्यात. रडला, चिडला, मग माझ्या मांडीवर झोपला. संध्याकाळी वैशालीला सांगितलं, "उद्यापासून दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमची चिठ्ठी मिळेपर्यंत आणू नको."

तिने मान हलवली. रात्री तिचा फोन आला. साहेबांनी सुट्टी दिली होती, पण सोबत निरोपही दिला होता: शनिवारी टेबलावर दिसल्या नाहीत, तर दुसरी मुलगी पाहतो. ती रडली नाही. फक्त विचारलं, "शनिवारी घ्याल ना काकू त्याले?"

"डोळे साफ झाले तर घेईन."

मंगळवारी मी पाळणाघर घासून काढलं. लोकांना वाटतं फिनाइलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली. तसं नसतं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, मग क्लोरीनच्या पाण्याने पुसायचं. घाणीवर थेट क्लोरीन ओतलं, तर ते घाणीशीच भांडण्यात संपून जातं. खेळणी धुऊन उन्हात. चादरी गरम पाण्यात. प्रत्येक मुलाचा नॅपकिन आमच्याकडे आधीपासून वेगळा असतो. त्यावर शेवंताने दोऱ्याने खूण काढली आहे: मासोळी, आंबा, छत्री. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपला नॅपकिन ओळखता येतो. ही सोय मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते.

दुपारी मितालीचे बाबा आले. त्यांचं बसस्टँडजवळ कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, खेळणी. त्यांनी पिशवीतून लहान मुलांचे सात गॉगल काढले. गुलाबी, निळे, एकाला कडेने ससे.

"डोळ्यात डोळा घातला का येतेच काकू. लावा सगळ्याईले."

"नजरेने येत नाहीत हो डोळे. हाताने येतात. चोळलेला हात, मग दुसऱ्याचा डोळा."

"आमच्या आजीपासून ऐकून राहिलो आम्ही. लावा तं खरं, नुकसान काय आहे?"

नुकसान काहीच नव्हतं. रुद्र घरी होता. दहा महिन्यांची छकुली पंधरा दिवसांपासून आईसोबत कोंढ्याला, आजोळी गेली होती. उरलेल्या सातांनी गॉगल लावले. त्या दुपारी सात लेकरं काळ्या काचांचे चष्मे लावून वरणभात खात बसली होती. पार्थला भाताचा घास दिसेना, तो कानाजवळ नेत होता. मिताली म्हणाली, "काकू, रात्र झाली का?" शेवंता हसता हसता भिंतीला टेकली.

बुधवारी सकाळी मिताली आणि पार्थ, दोघांचेही डोळे चिकटले. गुरुवारी आणखी एकाचे. तिघांनाही घरी पाठवलं.

गुरुवारी संध्याकाळी मितालीचे बाबा परत आले, सोबत दोन पालक. या वेळी पिशवी नव्हती.

"त्या रुद्रचं नाव काढून टाका काकू."

"तो तीन दिवसांपासून इथे नाही."

"देऊन तं तोच गेला ना? त्याची आई लपवते. आज डोळे, उद्या अजून काही आणन. त्याले ठेवणार असान तं आम्ही आमचे लेकरं काढतो."

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहते." सकाळी सव्वाआठला उघडं असणारं दुसरं पाळणाघर पवनीत नाही. रुद्रची जागा गेली म्हणजे वैशालीची नोकरी गेली, हे मला कळत होतं. तरी मी 'पाहते' म्हटलं, कारण आठ मुलं एकीकडे होती आणि एक एकीकडे. शिवाय मनातून मलाही वाटत होतं की सुरुवात तिच्याच खोटेपणाने झाली.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला छकुली उठली आणि तिचा एक डोळा उघडला नाही.

इथे माझं गणित अडलं. छकुली बुधवारी कोंढ्याहून परत आली होती. रुद्रशी तिची गाठच पडली नव्हती. ती चालत नाही, दुसऱ्यांच्या खेळण्यांना हात लावत नाही. पाळणा, नाहीतर मांडी. मी डॉक्टर मॅडमला फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हा दोघींशिवाय तिला कोण हात लावतं?"

कोणीच नाही. मी फोन ठेवला आणि शेवंताला हाक मारली.

"हात दाखव."

तिने दाखवले. नखं कापलेली, साबणाने बोटं सुरकुतलेली.

"छकुलीचं तोंड कशाने पुसतेस?"

"तिच्या नॅपकिननं. मासोळीच्या."

"दुसऱ्या कशाने? खरं सांग."

शेवंता जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाई, बोलू? राग नका मानजा."

"बोल."

"तुमच्या पदराले पाहा."

मी पाहिलं. हातमागाची जुनी सुती साडी, फिकट पिवळी. आमच्या घरात माग होते तेव्हापासून मला अशाच साड्यांची सवय. पदराच्या टोकाला वरणाचा डाग, लाळेचा कडक झालेला ठिपका आणि काळ्या बारीक रेघा. मी खिडकीपाशी जाऊन पदर उजेडात धरला. त्या रेघा काजळाच्या होत्या. मी काजळ घालत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पाच मुलांना त्यांच्या आया रोज काजळ घालतात. पाचही जणांचं काजळ माझ्या पदराला होतं, आणि तेव्हा दुपारही झाली नव्हती.

मला कोणी विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी नॅपकिनच वापरते. नऊ नॅपकिन खुंटीला लटकत होते आणि मी अकरा वर्षं पदराने नाकं पुसत होते. लेकरू मांडीवर रडलं की हात आपोआप पदराकडे जायचा. डोळे पुसले, गाल पुसला, पदर सोडला. पुढचं लेकरू आलं, तोच पदर. साडी रोज धुतलेली असते, पण ती सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तीच असते. ज्यांचे डोळे उद्या येणार होते, त्यांचे आज मीच पुसून पुढे पोचवत होते. सोमवारी रुद्रसाठी कापसाचे बोळे मोजून वापरले होते. त्यानंतर तो मांडीवर झोपला, तेव्हा त्याचं तोंड कशाने पुसलं असेल, हे मला आता आठवायची गरज नव्हती. माझे स्वतःचे डोळे ठणठणीत होते, म्हणून माझा माझ्यावर संशय आला नाही.

"हे तू कधीपासून पाहतेस?" मी शेवंताला विचारलं.

"लागली तवापासून. दोन वर्सं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मी एक डाव पार्थचं नाक पदरानं पुसलं, तं तुमी मले पदर खोचाले लावला. म्हणे, पदर म्हंजे जंतूचं घर. मंग मले वाटलं, मालकिणीचा चालत असन."

मी आत जाऊन साडी बदलली.

संध्याकाळी पालक न्यायला आले, ज्यांची लेकरं आजारी होती त्यांनाही बोलावलं होतं, तेव्हा मी ती पिवळी साडी हातात घेऊनच बाहेर आले. पदर दाखवला, काजळ दाखवलं, काय झालं ते सांगितलं. "रुद्रपासून सुरुवात झाली असेल. पण घरोघरी मी पोचवलं. नाव काढायचं तर माझं काढा."

मितालीचे बाबा म्हणाले, "म्हंजे गॉगलचा काहीच उपयोग नाही झाला?"

"फोटो चांगले आले," शेवंता म्हणाली.

छकुलीची आई हसली, मग बाकीचे हसले. दोन पालक हसले नाहीत. त्यांतल्या एकाने पुढच्या आठवड्यात मुलगा काढून घेतला. तो त्यांचा हक्क होता.

तिथून मी थेट वैशालीच्या खोलीवर गेले. रुद्र खाटेवर उड्या मारत होता. डोळे स्वच्छ, डॉक्टर मॅडमची चिठ्ठीही झालेली. मी तिला सगळं सांगितलं. तिला राग येईल असं मला वाटलं होतं, आणि तो आला.

"तीन दिवस लोक मले म्हणून राहिले, तुझ्या पोरानं गावाले आजार देल्ला. पालकांच्या ग्रुपवर काय काय लिवलं तुमी वाचलं ना? तुमी एक शब्द नाही बोलल्या काकू."

"नाही बोलले."

"उद्या शनिवार आहे."

"माहीत आहे. उद्या पाळणाघर धुण्यासाठी बंद. मी तुझ्यासोबत लाखांदूरला येते. रुद्र शेवंताजवळ राहील."

साडेआठच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो आणि लाखांदूर येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

साहेब पन्नाशीचे. टेबलामागे खुर्ची जरा मागे सरकवून बसले होते.

"तुम्ही कोण?"

"पाळणाघर चालवते. यांच्या सुट्ट्या माझ्या चुकीने लांबल्या, ते सांगायला आले."

"मॅडम, ही पतसंस्था आहे. पालकसभा नाही."

"म्हणून दोन मिनिटांत सांगते." आणि सांगितलं. खरं तर रुद्रचे चार दिवस त्याच्या डोळ्यांनीच खाल्ले होते. पण त्याची जागा जवळजवळ मी घालवली होती, आणि तेवढ्यासाठी थोडं जास्त अंगावर घेणं मला जड नव्हतं.

"आणि लेकरू परत आजारी पडलं तर?"

"पडेल. अडीच वर्षांचं आहे, वर्षातून सात-आठ वेळा पडेल. साध्या सर्दीला मी घरी पाठवणार नाही, मागच्या खोलीत वेगळं ठेवीन. ताप आला तर बारा वाजता फोन करून यांना कामावरून उठवणार नाही, काम सुटेपर्यंत सांभाळीन आणि गरज पडली तर दवाखान्यात मीच नेईन. एवढं मी लिहून देते."

साहेब हे सगळं ऐकताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. आमच्या डोळ्यांत त्यांनी एकदाही पाहिलं नाही. डोळ्यांची भीती पवनीपुरती नव्हती.

"ठीक आहे," ते कॅलेंडरला म्हणाले. "टेबल रिकामंच आहे. बसा जाऊन. आधी हात धुवा."

बाहेर पायरीवर वैशालीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पुढच्या वेळी आधी स्वतःले पाहाल, मंग माझ्या लेकराले," ती म्हणाली. मग आत गेली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

सोमवारी रुद्र आला, तेव्हा दारात थबकला. मी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणीशिवाय. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली. खांद्याकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. झोपताना मुठीत धरायला त्याला पदर सापडेना. दुपारी एक वाजता तो एवढा रडला की बाकीचे सगळे उठले. शेवटी शेवंताने ती पिवळी साडी गरम पाण्यात उकळून, वाळवून, कापून तिचे तुकडे केले. प्रत्येकाचा एक, प्रत्येकावर खूण, रोज धुऊन. दुसऱ्या दिवशी छत्रीचा तुकडा मुठीत धरून रुद्र पाच मिनिटांत झोपला.

रोज सकाळी आठला दार उघडण्याआधी आता शेवंता माझी तपासणी करते. हे काम मीच तिला दिलं. नखं, बाह्या, खिसे. तिला आधी संकोच वाटायचा, आता वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी कुर्त्याच्या घेराने मितालीचं तोंड पुसत होते आणि मला पत्ताही नव्हता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाई!" मी उठले आणि कुर्ता बदलून आले.

ज्याला स्वच्छतेचे नियम करायचे आहेत त्याने दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात: आपल्याला टोकू शकेल असं एक माणूस, आणि एक जास्तीचा धुतलेला कुर्ता.