मास्तरांची खीर
गव्हाच्या खिरीचा वास आला की कमलनगरकडचं एक लग्न आठवतं. शाळा सोडून आम्ही चौघांनी बँजो पार्टी काढली होती, पण आमचं वाजवणं कुणी ऐकलंच नव्हतं, मग सुपारी कोण देणार? त्या दिवशीही वाद्यं घेऊन मांडवाबाहेर नुसते ताटकळत होतो. ठरलेल्या बँडचे म्हातारे मास्तर जेवायला निघाले, म्हणाले, “कामून बसलाव रे? आमची पंगत उठंस्तोवर वाजवा.” आम्ही वाजवायला घेतलं. त्यांचा ढोलवाला म्हणाला, “अण्णा, शुगर हाय तुम्हाला, उठा आता.” मास्तरांनी पुन्हा खीर मागितली. “बस गुमान. पोरं वाजवायलेत.” ती वाटी संपायच्या आत नवरीच्या मामानं आम्हाला पहिली सुपारी दिली. आता परमुलखात दुसऱ्याच्या बँडात वाजवून थकतो. नवी पोरं मांडवाबाहेर दिसली की आपलं काम जाईल, अशी धाकधूक होते. तरी पंगतीला बसताना त्यांना वाजवायला सांगतो आणि मी हळूहळू जेवतो.