थोरलीची बशी

मांजरांचे केस आणि मांजरांचे किस्से, दोन्हींची गत एकच. कोटावरचा एक झटकावा, तर शाळेत पोचेपर्यंत तीन नवे सापडतात. आमच्या भिंगारच्या घरात चार मांजरं होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत सांगायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असायचं. त्या दुष्काळाच्या वर्षी मात्र सगळे किस्से एकाच मांजरीचे होते.

तिचं नाव थोरली. माझी पत्नी सरोज हिने तिला आणलं तेव्हा ती मुठीत मावत होती. मागून फौजदार, बिजली आणि पेढा आले, आणि ती थोरली झाली. आता तिला तेरा-चौदा वर्षं झाली होती. सरोज नाताळाच्या आधी गेली. उन्हाळा लागेपर्यंत थोरलीची हाडं हाताला लागू लागली. ही मांजर मला इतक्यात जायला नको होती. बाकी काही मागणं नव्हतं.

*

गुरांच्या दवाखान्यात तिला भाजीच्या पिशवीतून नेलं. रांगेत आमच्या पुढे दोन बैल, मागे एक म्हैस. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, इथे मांजर घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

पण माणूस भला. त्यांनी तिचं तोंड हुंगलं, पोट चाचपलं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश जागेवर गेली. पाणी किती पिते, लघवीला किती वेळा जाते, सगळं विचारलं. मग म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, यावर औषध नाही. मीठ बंद. मांस थोडं, मऊ भातात कालवून, दिवसातून चार वेळा. पाणी मागेल तितकं.

"आणि खाणं सुटू देऊ नका. खातेय तोवर आहे."

मी विचारलं, मूत्रपिंडांचंच आहे हे नक्की ना?

"बैल असता तर नक्की सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाले.

*

पाणी मागेल तितकं, आणि तेही त्या साली! नळ सकाळी अर्धा तास यायचा. लोक तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालत होते, आणि आमची थोरली दर तासाला भांड्याशी.

शेजारच्या शेवंताबाई मूळच्या राहुरीकडच्या. त्यांनी कुंपणावरून हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मास्तर, आमी पानी मोजून पितो, आन् तुमची मांजर लई मोठ्या घरची दिसती."

मी आजार सांगितला. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर एक तांब्या भरून ठेवलेला. मी आभार मानायला गेलो, तर त्यांनी मध्येच माझं बोलणं तोडलं.

"म्हातारीचं हाय ते. मास्तरांनी त्यातलं प्यायचं न्हाई."

*

खरी पंचाईत जेवणाची. थोरलीसमोर बशी ठेवली की ती नुसती बसून राहायची. तेवढ्यात बाकीचे तिघे आपापलं संपवून तिच्या बशीवर यायचे. तिला न्हाणीघरात घेऊन दार लावलं, तर आत नक्कीच मेजवानी आहे अशी तिघांची खात्री पटली. फौजदार तर दाराला अंग घासून असा ओरडायचा की गल्लीतले लोक विचारून जायचे.

शेवटी मी शाळेतली पट्टी घरी आणली. चार कोपऱ्यांत चार बशा, मध्ये खुर्ची टाकून मी. कुणी आपला कोपरा सोडला की पट्टी जमिनीवर वाजवायची.

एकदा हेडमास्तर कसलेसे कागद घेऊन दारात आले. त्यांनी चार कोपरे पाहिले, खुर्ची पाहिली, पट्टी पाहिली.

"परीक्षा कुणाची चालू आहे?"

"माझीच," मी म्हणालो.

ते कागद पायरीवर ठेवून हळूच निघून गेले. परीक्षा चालू असताना वर्गात शिरायचं नाही, हा त्यांचाच नियम.

*

मी स्टोव्हवर दोन पातेल्या चढवायचो. दोन्हींत कलेजी आणि भात, एकीत मीठ, दुसरीत नाही. मिठाची माझी, बिनमिठाची मांजरांची. मी टेबलाशी उभ्यानेच जेवायचो. एकट्यासाठी ताट मांडायची सवय सुटली होती.

माझी मोठी बहीण, अक्का, राजूरहून चार दिवस राहायला आली. ती आल्या दिवशी मी तक्रार केली, की दोन दिवस झाले, थोरली बशी नुसती हुंगते आणि तोंड फिरवते. अक्काने मांजरांची पातेली उघडून बोटाने चव घेतली. मग माझी पातेली उघडून तिच्यातली घेतली.

"अरे, यांच्यात मीठ आहे. तुझ्यात नाही."

दोन दिवस पातेल्यांची अदलाबदल झाली होती. थोरलीला कळलं होतं.

"तुला चव लागली नाही?" अक्काने विचारलं.

मी म्हणालो, मला वाटलं, आता असंच लागणार.

 अक्काने पाट मांडला, मला खाली बसवलं आणि ताटात मीठ वाढलं.

*

मीठ गेलं, तरी थोरली खाईना. आधीसारखं माझ्या बोटावरचं चाटायची, तेवढंच. बशीसमोर मात्र तशीच बसून. मी पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, शेवटी शेवटी भूक मरते. दोन दिवस बघा.

दुसरा दिवस रविवार होता. अक्काने चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना जेवायला बोलावलं. सरोज गेल्यापासून आमच्या घरी बाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. मांजरांच्या बशा आधीच भरून ठेवल्या होत्या, आम्ही तिघं ताटांवर बसलो. पाळकसाहेबांनी हात जोडून जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली.

त्यांची प्रार्थना लांब. फौजदाराची बशी संपली. बिजलीची संपली, पेढ्याची संपली. मी डोळे मिटले नव्हते. थोरली बशीसमोर बसली होती, पाय पोटाशी घेऊन.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

थोरलीने मान खाली घातली आणि जेवायला लागली.

अक्काच्या हातातला चमचा तसाच राहिला. आठवण आम्हा दोघा भावंडांना एकदमच झाली. थोरली लहान असताना प्रार्थना चालू झाली की ताटात तोंड घालायची. म्हणून सरोजने तिची बशी स्वतःच्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली, वर झाकण. झाकणावर हात ठेवून ती प्रार्थना म्हणायची आणि आमेननंतरच झाकण उचलायची. मागून आलेल्या तिघांना हे शिकवायचं राहून गेलं. सरोज गेल्यावर मी प्रार्थना बंद केली. का, ते मला कुणी विचारलं नव्हतं.

थोरलीने त्या दिवशी बशी चाटून पुसून ठेवली.

सोमवारी अक्का राजूरला गेली. दुपारी मी चार बशा ठेवल्या आणि उभ्या उभ्याच थोरलीला म्हणालो, "आमेन."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बशीला तोंड लावलं नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. तिने पाय पोटाशी घेतले.

मग मी पाट घेतला. ताट वाढलं, तिची बशी शेजारी ओढली, वर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात. प्रार्थना सरोजचीच म्हणायची ठरवली, मला दुसरी येत नव्हती. अन्नासाठी आभार, पावसासाठी विनंती, इथवर नीट झालं. सरोजचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: आणि आज जे या पंगतीला नाहीत, त्यांनाही सांभाळ.

त्या वाक्याशी मी अडलो. बराच वेळ अडलो. फौजदाराची बशी संपल्याचं ऐकू आलं, मग बिजलीची.

थोरली थांबली.