सूर्य हातात येत नाही

साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमचे भावजी त्यातले नव्हेत. भावजी म्हणजे आमच्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. मच्छे गावच्या एका कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीपुढं त्यांचा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर खासबागेत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायला आले. किती वाजले म्हणून विचारलं तर हा माणूस तुम्हाला अंगणात नेऊन सावली दाखवणार. पाऊस येईल काय विचारलं तर मिठाच्या बरणीत बोट घालायला लावणार. उत्तर तोंडानं सांगायचंच नाही, ते विचारणाऱ्याच्या हाताला लागलं पाहिजे, असा त्यांचा कायदा. मोठ्या माणसांनी त्यापायी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं. गल्लीतली पोरं मात्र विचारून थकत नसत, आणि त्यांत सगळ्यात पुढं माझी नात ओवी, चौथीतली.

तिनं एकदा विचारलं, "आजोबा, उष्णता कुठनं येते?" दुसरा कुणी असता तर सूर्याकडं बोट दाखवून मोकळा झाला असता. ह्यांनी आठवडा घेतला. पहिल्या दिवशी सागरगोटा फरशीवर घासघासून पोरांच्या दंडाला चटके दिले. शेजारच्या बसूच्या घरात कन्नड बोलतात, म्हणून त्याला खास विचारलं, "बिसी आतेनु?" म्हणजे गरम लागलं काय. तो बिचारा दंड चोळत चांगल्या मराठीत म्हणाला, "लई भाजलं ओ आजोबा." मग सायकलचा पंप आला. हवा मारून मारून पंपाचं तोंड कसं तापतं ते दाखवायचं, म्हणून गल्लीतल्या सगळ्या सायकलींत हवा भरली, आणि पोस्टमनच्या सायकलीची ट्यूब धाडकन फुटली. भिंतीला लावायला मी चुन्याची कळी आणून ठेवली होती. पोरांना लांब ओट्यावर बसवून भावजींनी ती पाण्यात टाकली आणि त्यात माझं एक अंडं सोडलं. विस्तव नाही, गॅस नाही, आणि पातेलं आपलं रटारटा उकळतंय. अंडं फुटलं आणि पातेलं कायमचं गेलं, पण पोरं तीन दिवस दुसरं काही बोलत नव्हती. शेवटी समोरच्या घरी बारसं होतं, तिथं मिसळीसाठी मटकीचं हे एवढं गाठोडं मोड आणायला बांधलेलं. त्यात पाच पोरांचे हात कोपरापर्यंत गेले. आत ऊब असते हो, कोंबडीच्या पोटाखाली असावी तशी. बारशाच्या मिसळीची सगळ्यांनी तारीफ केली. मी तेवढा नुसता पाव खाल्ला.

"भावजी, सूर्याचं कधी सांगणार?" मी विचारलं.

"सूर्य काय हातात घेता येतोय व्हय, वैनी? जे हातात येत न्हाय ते मी शिकवत न्हाय."

आणि शाळेच्या चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. ओवीनं लिहिलं, उष्णता सागरगोट्यातून, पंपातून, चुन्यातून आणि मटकीतून येते. बाईंनी शून्य दिलं. ओवी रडली बिडली नाही. दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "आता मी पुस्तकातलंच लिहिणार. आजोबांना काही विचारणार न्हाय." आणि खरंच विचारेना. जी पोर सकाळी दात घासतानासुद्धा फेसातून प्रश्न विचारायची, ती चार दिवस गप्प. भावजी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, ती बाजूनं निघून जायची. पाचव्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली, तेव्हा मी समजले की हे प्रकरण आता शाळेत जाणार.

पिशवीत पंप, सागरगोटा आणि रात्री स्वतः बांधलेली मटकी घेऊन ते निघाले. भट्टीपुढं ओरडून बोलायची त्यांना सवय, म्हणून मीही मागोमाग गेले. बाई निघाल्या कोवळ्या, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या. भावजींनी गाठोडं पुढं धरलं. "हात घाला, बाई."

बाईंनी भीतभीत हात घातला आणि आतच ठेवला. "गरम आहे की ओ."

"मग पोरीचं चुकलं कुठं?"

"चुकलं न्हाय, काका. पण उत्तरात सूर्य पाहिजे होता. तो न्हाय म्हटल्यावर मी मार्क कसा देऊ?"

भावजींना ते पटलं. माणूस न्यायाचा. मटकी बाईंनाच उसळीला देऊन टाकली आणि ओवीला घेऊन आम्ही तिघं बाहेर पडलो.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी चहा सांगितला. भावजींनी ग्लासाला हात लावला नाही. "माझ्यामुळं पोरीचा मार्क गेला, वैनी," एवढंच म्हणाले. मी माझा चहा संपवला. ओवीनं त्यांच्या ग्लासाला बोट लावून बघितलं.

"आजोबा, चहा गार झाला."

"असू दे, बाळ."

ती ग्लासाकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यातली उष्णता गेली कुठं?"

भावजींनी मान वर केली. बघितलं तर त्यांचे डोळे नुसते चमकत होते. सावली नाही, बरणी नाही, पिशवीत हात नाही. "ठाऊक न्हाय गं," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून मी असलं सरळ उत्तर ऐकलं नव्हतं. मग त्यांनी हॉटेलवाल्याला आणखी एक चहा सांगितला, चांगला कडकडीत, आणि आल्यावर ग्लासाला दोन्ही हातांनी धरलं. ओवीनं आपले तळवे त्यांच्या हातांवर ठेवले, आणि दोघं चहा गार व्हायची वाट बघत बसली.