बर्फातला चीक

मुलगी सातव्या महिन्यातच झाली. ऑपरेशन गंगाखेडला झालं. मी शुद्धीवर यायच्या आत तिला परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला नेलंसुद्धा होतं. नवरा तिच्याबरोबर गेला. माझं बीपी उतरत नव्हतं, त्यामुळे मला हलवायला डॉक्टर तयार नव्हते. लेकीचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. नळीवाटे दूध सुरू करायचं होतं. पावडरचं तिच्या आतड्यांना सोसेल की नाही सांगता येत नाही, आईचं मिळालं तर बरं, असं तिथले डॉक्टर म्हणत होते. संध्याकाळपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती.

सिस्टरने दाखवलं तसं मी हाताने पिळून काढू लागले. टाके ओढत होते. बराच वेळ काहीच येईना. मग पिवळट, घट्ट थेंब आले. चीकच तो, वाटीच्या तळाला चिकटेल एवढा. सिस्टरने तो बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढला, टोपण लावलं आणि पिशवीत गुंडाळून बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवला.

दवाखान्याच्या खालीच कुरिअरचं दुकान होतं. आई तिथे गेली. खरं सांगायला तिची जीभ रेटेना, म्हणून आधी औषध आहे म्हणाली. पातळ औषध चालत नाही, तेल-तूप, लोणचं, नासणारं काहीच जात नाही, आणि आज दिलेलं उद्या पोचेल, असं दुकानदाराने सांगितलं. तेव्हा कुठे तिने दूध आहे म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, म्हशीचं.

"दूध परभणीत बी मिळतंय की, मावशी," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण आईला पुढे बोलवेना. थर्मास घेऊन ती तशीच वर आली आणि माझ्या कॉटशी उभी राहिली. मला सोडून तिला जाता येत नव्हतं. सासूबाई गावाकडे तापाने पडलेल्या.

उरले सासरे. त्यांना मी मामा म्हणते. राणीसावरगावला त्यांची शेती. लग्नाला वर्षं झाली तरी आमचं समोरासमोर बोलणं नव्हतं. मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे बघून सासूबाईंना सांगत. आता बाळंतिणीची खोली म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. थर्मासात काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण कळलं सगळं होतं. आई दारात घुटमळायला लागली तसा त्यांनी हात पुढे केला.

"आना. म्या जातो."

मी चादर तोंडावर ओढून घेतली.

दुपारची बस त्यांना मिळाली. नवरा परभणीच्या स्टँडवर जाऊन थांबला. बसची वेळ टळून गेली, बस आली नाही. मामांचा फोन बंद. नवरा पुन्हापुन्हा विचारत होता, निघाले होते ना? कारखान्याचे दिवस होते. कोणीतरी सांगत आलं, पोखर्णीच्या अलीकडे उसाची ट्रॉली पलटी झाली आणि रस्ता बंद पडलाय. माझ्या डोळ्यांपुढे नुसता बर्फ वितळत होता. फोन चालू ठेवता येत नाही का या माणसाला, असा मामांचाच राग येत होता. सिस्टरने बीपी बघितलं आणि माझ्या हातातला मोबाईल काढून आईकडे दिला. त्यानंतर मी आईच्या तोंडाकडे बघत राहिले. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं. तिकडे पावडर उघडायचं बोलणं सुरू झालंय हे आईने मला सांगितलं नाही. मला ते दिसलंच.

दिवेलागणीला फोन वाजला. आईने ऐकलं आणि खालीच बसली.

"पोचले गं," ती म्हणाली.

काय झालं ते नवऱ्याने नंतर सांगितलं. बस अडकल्यावर मामा उतरले आणि थर्मास काखेत धरून पोखर्णीपर्यंत चालत गेले. फोनची बॅटरी संपलेली. झाकण उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी होत आलेलं. एका कोल्ड्रिंकच्या दुकानात त्यांनी बर्फ मागितला. सुटा बर्फ मिळत नाही, म्हणाला दुकानदार, मासे हायत का त्यात? चार माणसं उभी होती.

"माझ्या नातीचं जेवण हाय," मामा म्हणाले. "तिच्या मायचं दूध."

दुकानदाराने गुमान थर्मास भरून दिला. मग दुकान ओढून घेतलं आणि मोटारसायकलवर मामांना थेट दवाखान्याच्या दारात सोडलं.

त्यानंतर मामा रोज जात राहिले. एक दिवस फारच थोडं आलं. सिरिंजचा तळसुद्धा भरेना. मी रडायला लागले. पडद्याबाहेरून आवाज आला. ते माझ्याशीच बोलत होते.

"कमी तर कमी, बाई. पन रिकामं न्हाई जायचं."

बीपी उतरल्यावर मला परभणीला नेलं. सिस्टरने लेकीला नळ्यांसकट माझ्या छातीवर ठेवलं. ती इतकी हलकी होती की हात लावायची भीती वाटली. दोन घोट घ्यायची, दमायची, थांबायची. ती थांबली की माझाही श्वास थांबायचा. मग ती पुन्हा ओढायची.

आईने बाहेर डोकावून पाहिलं. मामा पटका उशाला घेऊन फरशीवर झोपले होते. झोपू दे, मी म्हटलं.