पानमळ्याबाहेरच्या चपला

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. घरधन्याले नाही, पोराईले नाही. तुमाले सांगून राहिली, पण तुमच्यावरही पुरता भरोसा नाही माझा — शांताच्या ओळखीचे तर नाही ना तुमी?

शांता माझी धाकटी जाऊ. हिवरखेडच्या बाजूले आमचा पानमळा होता. पानवेलीत चपला घालून कोणी जात नाही, वेल विटाळते म्हणतात. मालकानंही चपला बाहेर, कुडाच्या तोंडाशी काढायच्या. म्हणून आत किती माणसं आहेत, हे बाहेरूनच कळे.

आणीबाणीतली गोष्ट. नसबंदीसाठी माणसं धरून नेत होते. कोतवालानं आधीच मले हळूच सांगितलं, "जीप येऊन राहिली, माणसं लपवा." हे आणि माझा दीर संपत वेलीत जाऊन बसले. माझ्या पदरी दोन पोरं. संपतचं लग्न नुकतंच झालेलं, मूल नाही. पण तेव्हा असं कोण पाहत होतं? संपतले ओढत जीपीत घातलं, अकोल्याले नेलं. शांताची कूस तशीच राहिली.

मग दिल्लीतलं सरकार पडलं. चौकशीले साहेब आले. शांता मले म्हणे, "बाई, तुमी तिथंच होत्या नं? सांगा त्याईले, कसं ओढत नेलं ते!" साहेब माझ्याकडे पाहत होते. मले वाटलं — हा कोणाचा माणूस? ओढत नेलं म्हटलं, तर तो पुढं विचारीन, लपलेला माणूस सापडला कसा? मी म्हटलं, "मी घरी भाकरी थापत होती. काई पायलं नाही." संपत खुशीनं गेला, असं ठरलं. माझ्या तोंडानं ठरलं.

लपायची जागा त्यानंच दाखवली, असा शांतानं कोतवालावर संशय धरला. तो मरेपर्यंत त्याच्या घरचं पाणी प्याली नाही. ती त्याले शिव्या घाले, तेव्हा मी मान हालवायची. आमाले सावध करणारा तोच होता — हे मी तिले कधी सांगितलं?

आता ऐका. कुडाशी मी पानांचं टोपलं घेऊन उभी होती. जीपीतला शिपाई आमच्याच भागातला, तो आधी चपलाच पाहीन हे मले ठाऊक. समोर दोन जोड. मी यांचा उचलला, पानांखाली लपवला. संपतचा राहू दिला. घाईत राहिला? नाही. जीप रिकामी जायची नाही, एक भेटला तर दुसरा सुटन — एवढा विचार मी केला. टोपल्यात दोन्ही जोडांले जागा होती.

संध्याकाळी यांनी टोपल्यातून आपल्या चपला काढल्या, काई विचारलं नाही. कावून नाही विचारलं? वर्षभर मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. नंतर मले तिसरं पोरगं झालं. त्याले न्हाऊ घातलं शांतानंच.

हे गेले, संपतही गेला. शांता अजून रोज येते. माझ्या दारात चपला काढते, आणि कधी कधी माझ्या चपलांकडे पाहत उभी राहते. तिले ठाऊक आहे का? का माझंच मन खातं मले? परवा चहा पिता पिता म्हणाली, "बाई, त्या जीपवाल्याईले सांगितलं कोणं असन वो?"

मी म्हटलं, "चहा निवून राहिला."

ज्या बाईचा हे ऐकायचा हक्क होता, तिच्या आधी तुमाले सांगितलं. तेही मी भेकडपणानंच केलं.