शेळीच्या पायाचा चिखल

त्या उन्हाळ्यात मी शेताशेजारच्या तांड्याला सांगितलं, की आमचा बोअर आटला. आटला नव्हता. सकाळी तासभर तरी चांगली धार पडायची, मग मोटर हवा ओकायची. पण काढलेली हळद शिजवायची होती, आणि आमच्याकडे ती काहिलीत, पाण्यात बुडवूनच शिजायची. नुसत्या वाफेवर रंग चढत नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एवढं पाणी वाटलं तर हळद कुजणार आणि वर्षाची मेहनत जाणार. म्हणून खोटं बोललो.

तांड्याचा हापसा कोरडा पडलेला. तिथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन आमच्या बांधावरून जायच्या, तेव्हा मी काहीतरी काम काढून पाठ फिरवायचो. घरात बायको पोरांना परातीत उभं करून अंघोळ घालायची आणि परातीतलं पाणी शेवग्याला ओतायची. भांडी राखेनं घासायची. ती तांब्या-तांब्या वाचवत होती, आणि मी काहील भरायला निघालो होतो.

एके सकाळी तांड्यातली एक म्हातारी शेळी ओढत अंगणात आली. मागं चार-पाच बायका.

"काय ओ पाटील, बोअर आटला म्हणता न्हाई?"

"व्हय मावशी."

"मग माझ्या शेळीनं मेंदी काहून लावली?"

शेळीचे चारी पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेले. माझ्या पाइपाचा सांधा गळत होता, तिथं ती पाणी पिऊन आली होती. बायका खो खो हसल्या. दारात माझी बायकोही हसली.

"सांगा आता खरं," ती म्हणाली, "शेळीची तरी लाज धरा."

"आटला न्हाई," मी म्हणालो. "हळदीसाठी दाबून ठेवला."

हसणं थांबलं. म्हातारी म्हणाली, "हळद कुजावी असं आमाला वाटतं का? सांगून तर बघायचं व्हतं, बाबा."

ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. विचार न करता बोलून गेलो, "हळद वाफेवर शिजवतो. वाचंल ते पाणी तुमचं."

शेजारच्या गावातून हळद शिजवायचा वाफेचा कुकर भाड्यानं आणून खळ्यावर लावला. कुकरचे ड्रम हळदीनं भरायला तांड्यातली माणसं आली. पहिला ड्रम उघडला. हळकुंडात काडी टोचली, सहज आत गेली. मोडून बघितलं, आत गर्द केशरी.

"चढला का रंग?" बायकोनं विचारलं.

"चढला."

"मोठ्यानं सांगा की!"

ओरडून सांगितलं. सगळं खळं हसलं.

पाइपाचा सांधा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळला. ड्रममधून ठिबकणारं पाणीही घमेल्यात धरून पुन्हा कुकरला घातलं. रोज सकाळी मोटर चालू केली की आधी तांड्याचे हंडे भरायचे, मग जनावरांचा हौद, आणि उरलं तर हळद.

उन्हाळा सरत आला तेव्हा तांड्यासाठी पहिल्यांदा पाण्याचा सरकारी टँकर आला. म्हातारी रस्त्यात आडवी उभी राहिली. "आमाला न्हाई लागत, बोअरचं पुरतंय. पल्याडच्या गावाला ने, तिथं लेकरं तहानली हायत."

"टँकर परत धाडणारं गाव पहिल्यांदाच बघून राहिलो, मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

वळवायला जागा नव्हती, म्हणून मी माझ्या शेताचं कुंपण बाजूला केलं आणि हात हलवत ड्रायव्हरला टँकर मागं घ्यायला लावला. तो काठोकाठ भरलेला टँकर पल्याडच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे होतो.